कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह आलं म्हणजे नक्की काय? मेसोथेलिओमा आणि आयएचसीचा रिपोर्ट

स्लाइडवाली

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट टंकला होता आणि खाली प्रतिसादांची नुसती झुंबड. एकजण म्हणतोय कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह म्हणजे मेसोथेलिओमा कन्फर्म, दुसरा म्हणतोय आमच्या मावशीचं पण पॉझिटिव्ह होतं आणि ती ठणठणीत आहे, म्हणजे टेस्टच बोगस. दोघांचंही चुकतंय. तिथे उत्तर लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमचा बायोप्सीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणारी, पेशंटला सहसा कधीच न दिसणारी डॉक्टर. इथे कुणाच्या रिपोर्टवर निदान देणार नाही, पण तो वाचायचा कसा एवढं नक्की सांगते. कॅलरेटिनिन हे पेशीतलं एक प्रोटीन. आयएचसी म्हणजे ॲन्टीबॉडी वापरून तुकड्यातलं असं प्रोटीन रंगवून दाखवायची पद्धत, आणि त्या रंगवण्यालाच आम्ही स्टेन म्हणतो.

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. फुफ्फुसाच्या बाहेरून आणि छातीच्या आतून जे पातळ अस्तर असतं, प्लुरा, त्या अस्तराच्या पेशींचा हा कॅन्सर. तसंच अस्तर पोटात असतं, हृदयाभोवती असतं, पुरुषांमध्ये वृषणाभोवतीही असतं, त्यामुळे तिथेही होतो, पण बहुतेक केसेस प्लुराच्याच. कारण बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस, आणि धूळ छातीत गेल्यापासून ट्यूमर दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं जातात, त्यामुळे पेशंट येतो तो रिटायर झाल्यावर आणि त्याला स्वतःलाच आठवत नसतं की कधीकाळी आपण कुठल्या धुळीत काम करायचो.

आता गोची कुठे आहे बघा. नेहमीच्या एच अँड ई स्टेनवर, म्हणजे तो गुलाबी-जांभळा, एपिथेलिऑइड (गोलसर पेशींचा) मेसोथेलिओमा आणि प्लुरात पसरलेला फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर) हे भाऊ-भाऊ दिसतात. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की टीबी, न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, काहीही झालं आणि प्लुराला त्रास झाला की तिथल्या साध्यासुध्या पेशी अशा काही चिडतात की बघणाऱ्याला धडकी भरावी. मोठे न्यूक्लियस (पेशीची केंद्रकं), घोळकेच्या घोळके, मायटोसिस म्हणजे पेशींचं विभाजन, सगळं. आणि त्या कॅन्सरच्या नसतात!

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, या पेशी अस्तराच्या की दुसरीकडून आलेल्या? दुसरा, अस्तराच्याच असतील तर नुसत्या चिडलेल्या की कॅन्सरच्या? कॅलरेटिनिन फक्त पहिल्याचं उत्तर देतं. चिडलेल्या पेशीतही ते पॉझिटिव्ह, मेसोथेलिओमातही पॉझिटिव्ह. आडनावावरून गाव कळतं, माणूस चोर आहे का साव ते नाही कळत, तसलंच हे. याहून भारी उदाहरण म्हणजे ॲडिनोमॅटॉइड ट्यूमर, फॅलोपियन ट्यूबजवळ किंवा एपिडिडिमिसमध्ये सापडणारी छोटीशी गाठ. कॅलरेटिनिन दणदणीत पॉझिटिव्ह आणि गाठ पूर्ण निरुपद्रवी.

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही एकाच स्टेनवर कधीच थांबत नाही, दोन्ही बाजूंचे लावतो. अस्तराच्या बाजूचे कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१, डी२-४० आणि सीके५/६. कार्सिनोमाच्या, म्हणजे दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या, बाजूचे क्लॉडिन-४, एमओसी-३१, बेर-ईपी४, सीईए, आणि फुफ्फुसाचा संशय असेल तर टीटीएफ-१ आणि नॅपसिन ए. आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगते की दोन्ही बाजूंचे किमान दोन-दोन तरी हवेत. कारण यातला एकही शंभर टक्के इमानी नाही. सीके५/६ स्क्वॅमस कार्सिनोमातही पॉझिटिव्ह येतो, बेर-ईपी४ कधीमधी मेसोथेलिओमातही थोडाफार उमटतो, कॅलरेटिनिन काही ब्रेस्ट कॅन्सरमध्येही दिसतं. माझा वैयक्तिक जीव क्लॉडिन-४ वर आहे, ते छान पॉझिटिव्ह आलं की मेसोथेलिओमा जवळजवळ बाद.

अजून एक. रंग कुठे आलाय तेही बघावं लागतं. कॅलरेटिनिन न्यूक्लियसमध्ये हवंच, बाहेर सायटोप्लाझममध्येही असतं, पण नुसतं बाहेर फिकट ब्राउन दिसतंय तर मी त्याला पॉझिटिव्ह म्हणत नाही. डब्ल्यूटी१ न्यूक्लियसमध्ये. डी२-४० पेशीच्या कडेकडेने. रिपोर्टमध्ये नुसतं अधिक-उणे लिहिलेलं असतं तेव्हा मला वाचूनच चिडचिड होते.

दुसऱ्या प्रश्नाचे स्टेन वेगळेच आहेत, बीएपी१ आणि एमटीएपी, आणि तिथे उलटा कारभार, रंग गेला तर वाईट बातमी. त्यावर प्रतिसादात लिहिते, बोटं दुखायला लागली.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
बाकी ताई, एवढे दहा-बारा स्टेन लावायचे म्हणजे प्रत्येकाचं बिल वेगळं. पेशंटच्या खिशातून. आणि शेवटी रिपोर्टवर काय, तर क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुम्हीच जुळवून बघा. धंदा है पर गंदा है.

गोदाकाठ

रुमाल टाकून ठेवतो, आणि थोडं विचारायचंही आहे. माझे मोठे काका मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कामात होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता नाशिकला असतात. उजव्या बाजूला पाणी भरलं. आधी टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या, पाणी काढलं की परत भरतंय. मग पाण्याच्या सेल ब्लॉकवर (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवतात तो) हे स्टेन केले. रिपोर्ट असा, कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह, सीईए निगेटिव्ह, बीएपी१ रिटेन्ड. खाली लिहिलंय ॲटिपिकल मेसोथेलियल प्रोलिफरेशन, म्हणजे अस्तराच्या पेशी वाढल्यात आणि वेगळ्या दिसतायत, टिश्यू बायोप्सी सुचवली आहे. घरात आता दोन पार्ट्या झाल्यात, एक म्हणते बीएपी१ शाबूत आहे म्हणजे कॅन्सर नाही, सुटलो. दुसरी म्हणते लॅबवाले टोलवाटोलवी करतायत. काकूंना काय सांगू?

स्लाइडवाली

@गोदाकाठ, रिपोर्ट करणाऱ्याने टोलवाटोलवी केलेली नाही, उलट मला तो माणूस आवडला. जेवढं दिसलं तेवढंच लिहिलंय त्याने. पेशी अस्तराच्या आहेत हे नक्की, पुढचं पाण्यावरून सांगता येत नाही, टिश्यू द्या. बरोबर आहे.

बीएपी१ बद्दल नीट वाचा कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. बीएपी१ हे प्रोटीन आपल्या बहुतेक सगळ्या पेशींच्या न्यूक्लियसमध्ये असतं. काही मेसोथेलिओमात त्याचा जीन खराब होतो, मग न्यूक्लियस ब्राउन न होता निळे राहतात, याला लॉस म्हणतात. अस्तराच्याच पेशी आहेत हे ठरलंय आणि बीएपी१ गेलंय, तर मेसोथेलिओमाच्या बाजूने फार भक्कम पुरावा, चिडलेल्या पेशींमध्ये असं होत नाही. पण उलट वाचू नका! एपिथेलिऑइड प्रकारात निम्म्याहून जास्त केसेसमध्ये लॉस दिसतो, सगळ्यांत नाही, आणि लांबट पेशींच्या सार्कोमॅटॉइड प्रकारात तर फारच कमी. म्हणजे रिटेन्ड आलं तर त्याचा अर्थ एवढाच की या स्टेनने काही सांगितलं नाही. सुटलो वगैरे काही नाही, आणि अडकलो असंही नाही.

अशा वेळी पुढचं पाऊल एमटीएपी. नवव्या क्रोमोसोमवर ९पी२१ नावाचा पट्टा आहे, तिथे सीडीकेएन२ए नावाचा जीन असतो, मेसोथेलिओमात तो बऱ्याचदा दोन्ही प्रतींसकट उडालेला असतो. तो बघायला फिश ही जीनला चमकता रंग लावून बघायची टेस्ट लागते, महाग आणि सगळीकडे होत नाही. पण एमटीएपीचा जीन त्याच्या अगदी शेजारी, बरेचदा दोघं एकत्रच उडतात, त्यामुळे एमटीएपीचा साधा स्टेन लावला आणि सायटोप्लाझममधला रंग गेलेला दिसला की फिशचं काम बऱ्यापैकी भागतं. पी१६ (सीडीकेएन२ए पासून बनणारं प्रोटीन) चा आयएचसी मात्र फिशच्या जागी चालत नाही, काही ठिकाणी अजून करतात.

आणि बायोप्सी का, तर मेसोथेलिओमा म्हणायला सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात विश्वासाचा पुरावा म्हणजे पेशी खालच्या चरबीत घुसल्यात का. पाण्यात तरंगणाऱ्या पेशी कुठे घुसल्यात हे कसं दिसणार? बायोप्सीवर केराटिनचा (अस्तराच्या आणि कार्सिनोमाच्या पेशींत असणाऱ्या प्रोटीनचा) स्टेन लावला की चरबीत शिरलेल्या पेशी ब्राउन होऊन लख्ख दिसतात. त्यातही फसवाफसवी आहे, जुनाट प्लुरायटिसमध्ये (प्लुराला आलेल्या सुजेत) फायब्रस टिश्यूत चरबीसारख्या दिसणाऱ्या खोट्या मोकळ्या जागा तयार होतात, पण ते आमचं दुखणं.

@तिरकस, बिलाचं खरं आहे, नाकारत नाही. पण डोळे झाकून वीस स्टेन लावणारा आणि आधी चार लावून, बघून, मग पुढचे दोन मागवणारा यात फरक आहे. या दुसऱ्या प्रकारचा पॅथॉलॉजिस्ट शोधा. आणि क्लिनिकल कोरिलेशन ही शिवी नाहीये हो. आमच्याकडे फॉर्मवर वय ६८, पुरुष, प्लुरल बायोप्सी एवढंच येतं. डॉकमध्ये काम केलेलं, सीटीवर प्लुरा जाडजूड झालीय, आधी किडनीचा कॅन्सर होऊन गेलाय, यातलं काही नाही. किडनीच्या कॅन्सरमध्येही बीएपी१ जाऊ शकतं, कळलं तर बरं ना?

छातीठोक

चेस्ट फिजिशियन आहे, दोन गोष्टी.

टीबीच्या गोळ्या आधी सुरू केल्या म्हणून त्या डॉक्टरांना लगेच फासावर चढवू नका. आपल्याकडे एका बाजूला पाणी भरलेला पेशंट आला आणि पाणी एक्झुडेट (प्रोटीन जास्त असलेलं) निघालं की सगळ्यात पहिला संशय टीबीचाच, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण एडीए (पाण्यात मोजतात ते एक एन्झाइम) वाढलंय म्हणजे टीबीच असं जे समीकरण झालंय ना, ते धोक्याचं. एडीए लिम्फोमात वाढतं, पू झाला की वाढतं, मेसोथेलिओमातही वाढलेलं सापडतं. वयस्क माणूस, ताप नाही, छातीत एकाच जागी सतत बोचरं दुखणं, गोळ्या चालू असून पाणी परत परत भरतंय, असं असेल तर थांबून विचार करायचा.

दुसरं म्हणजे बायोप्सी कशी. आंधळेपणाने सुई घालून काढलेला तुकडा टीबीत बरा उपयोगी पडतो कारण टीबी सगळ्या प्लुरावर पसरलेला असतो. मेसोथेलिओमा जागोजागी असतो, सुई नेमकी चांगल्या जागी गेली तर रिपोर्ट निगेटिव्ह. त्यापेक्षा थोरॅकोस्कोपी, छातीत दुर्बीण घालून डोळ्यांनी बघून तीन-चार जागांचे खोल तुकडे घ्यायचे, यात ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये निदान होतं. गुंगी देऊन, जागा बधिर करूनही होते, दरवेळी मोठं ऑपरेशन लागत नाही. काकांना दम किती लागतोय, हार्ट कसं आहे ते बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील.

मंदार लीड्सकर

मस्त धागा, वाचनखुणेत टाकला.

मी इकडे इंग्लंडमध्ये हिस्टोलॉजी लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट, म्हणजे ताई ज्या स्लाइडी बघतात त्या रंगवणारा कारागीर. इकडे मेसोथेलिओमा रोजच्या ओळखीचा, शिपयार्ड, रेल्वेचे कारखाने, बॉयलर यातून आलेली सगळी म्हातारी पिढी. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली १९९९ ला आणि तरी अजून दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं यानेच जातात, कारण धूळ सत्तरच्या दशकातली.

रंगवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुकडा फॉर्मलिनमध्ये पक्का होतो, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, मग आम्ही त्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतो आणि खास चार्ज्ड काचेवर चढवतो, साध्या काचेवर चढवला तर पुढच्या उकळण्यात सुटून वाहून जातो. फॉर्मलिनमुळे प्रोटीन एकमेकांत गुंतून बसतात, ॲन्टीबॉडीला चिकटायला जागाच दिसत नाही, म्हणून बफरमध्ये गरम करून ती जागा परत मोकळी करायची, याला ॲन्टिजेन रिट्रीव्हल म्हणतात. १९९१ च्या सुमारास ही गरम करायची युक्ती निघाली आणि आयएचसी खऱ्या अर्थाने रोजच्या कामात आलं. मग पेरॉक्साइडने टिश्यूतलं स्वतःचं एन्झाइम थंड करायचं, नाहीतर रक्तपेशी उगाच ब्राउन होतात. मग मुख्य ॲन्टीबॉडी, म्हणजे कॅलरेटिनिनला शोधून चिकटणारी, तिच्यावर एन्झाइम लावलेलं पॉलिमर, आणि शेवटी डीएबी हे रंग देणारं रसायन टाकलं की जिथे जिथे ॲन्टीबॉडी बसलीय तिथे ब्राउन. बाकी न्यूक्लियस हिमॅटॉक्सिलिनने निळे. आता हे सगळं मशीन करतं, पण मशीनला घाण दिली तर घाणच रंगवून देतं.

आणि कंट्रोल! प्रत्येक स्टेनसोबत आधीपासून माहीत असलेला टिश्यू रंगवायचा. कॅलरेटिनिनसाठी आम्ही अपेंडिक्स लावतो, त्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी ब्राउन झाल्याच पाहिजेत. (याच गुणावर बाळांमधला हर्शस्प्रंग आजार ओळखतात, तिथे मज्जापेशी नसतात म्हणून कॅलरेटिनिन उमटत नाही. एकच बाटली, किती उपयोग.) बीएपी१ ला तर कंट्रोल त्याच स्लाइडवर हवा. ट्यूमरच्या आजूबाजूचे लिम्फोसाइट, रक्तवाहिन्यांच्या पेशी ब्राउन दिसतायत आणि ट्यूमर निळा, तरच लॉस म्हणायचं. सगळंच निळं असेल तर तो लॉस नाही, तो फसलेला स्टेन आहे, परत करा.

स्लाइडवाली

मंदार, तुझा हा प्रतिसाद आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दारावर चिकटवावा म्हणते. बायोप्सी सलाइनमध्ये बुडवून पाठवणारे अजून आहेत रे. सकाळी काढलेला तुकडा संध्याकाळपर्यंत सलाइनमध्ये, मग कुणाच्या तरी लक्षात येतं. नंतर कितीही भारी ॲन्टीबॉडी आणा, रंग फिकाच. फॉर्मलिनही तुकड्याच्या दसपट तरी हवं, तळाशी ओलावा दिसतोय एवढंच टाकून नाही चालत. आणि पाणी तपासायला द्यायचं तर भरपूर द्या, इकडे लिटरभर काढून ओतून देतात आणि लॅबला सिरिंजमध्ये दहा एमएल. सेल ब्लॉक कशाचा करू?

चिंगीची आई

माझा प्रश्न पोटातल्याबद्दल आहे, चालेल ना? जवळच्या मैत्रिणीच्या पोटात पाणी झालं, पेरिटोनियमवर (पोटातल्या अस्तरावर) बारीक गाठी, ओव्हरीज जवळपास नॉर्मल. पहिल्या ठिकाणी डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह म्हणून मेसोथेलिओमा सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी तेच ब्लॉक बघून सिरस कार्सिनोमा म्हणाले. असं कसं काय? एकच तुकडा, दोन रोग?

स्लाइडवाली

@चिंगीची आई, चालेल काय, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. डब्ल्यूटी१ छातीत उपयोगी आहे कारण फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात ते सहसा येत नाही. पण बाईच्या पोटात समोर उभा असतो तो ओव्हरी, ट्यूब किंवा पेरिटोनियमचा सिरस कार्सिनोमा, आणि त्यात डब्ल्यूटी१ खणखणीत पॉझिटिव्ह असतं. म्हणजे तिथे डब्ल्यूटी१ लावून काहीच वेगळं कळत नाही. तिथे लावायचे पॅक्स८, ईआर, क्लॉडिन-४, बेर-ईपी४ किंवा एमओसी-३१ एका बाजूला आणि कॅलरेटिनिन दुसऱ्या बाजूला. पॅक्स८ आणि ईआर आले, क्लॉडिन-४ आलं, तर सिरसकडे कल. पॅक्स८ क्वचित पेरिटोनियमच्या मेसोथेलिओमातही उमटतं, म्हणून एकट्यावर भिस्त नाही.

जागा बदलली की पॅनेल, म्हणजे स्टेनचा संच, बदलतं, हे रिपोर्ट बघताना कायम लक्षात ठेवा. छातीच्या केसचं पॅनेल पोटाला जसंच्या तसं लावलेलं दिसलं की शंका घ्या. मैत्रिणीच्या रिपोर्टमध्ये पॅक्स८ आणि ईआर केलेत का तेवढं बघा, आणि ऑन्कोलॉजिस्टना दोन्ही रिपोर्ट दाखवा, लपवू नका. औषधं वेगळी आहेत दोन्हींची.

ब्लॉककटर रेसिडेंट

मॅडम, सेकंड इयर रेसिडेंट. पॅनेल पाठ आहे पण सार्कोमॅटॉइडला सगळं कोसळतं. परवा लांबट पेशींची केस होती, कॅलरेटिनिन निगेटिव्ह, डब्ल्यूटी१ निगेटिव्ह, फक्त केराटिन पॉझिटिव्ह, डी२-४० थोडंसं. सर म्हणाले पुढे सांग. मी गप्प.

स्लाइडवाली

गप्प बसलास ते बरं केलंस, तिथे बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणारे पुढे चांगले पॅथॉलॉजिस्ट होतात.

सार्कोमॅटॉइडमध्ये मेसोथेलियल मार्कर, म्हणजे अस्तराच्या बाजूचे स्टेन, बऱ्याचदा दगा देतात. कॅलरेटिनिन निगेटिव्ह म्हणून मेसोथेलिओमा नाही असं तिथे चालत नाही. ब्रॉड स्पेक्ट्रम केराटिन बहुतेकांत पॉझिटिव्ह, तोही कमीजास्त. समोरचा प्रतिस्पर्धी म्हणजे फुफ्फुसाचा सार्कोमॅटॉइड कार्सिनोमा, त्यातही केराटिन पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ बऱ्याचदा निगेटिव्ह. जीएटीए३ ने थोडी मदत होते, सगळ्या पेशीत जोरदार पसरलेलं असेल तर मेसोथेलिओमाकडे कल, पण ते ब्रेस्टच्या आणि युरोथेलियल (मूत्राशय-मूत्रमार्गाच्या अस्तराच्या) कॅन्सरमध्येही असतं हे विसरायचं नाही. एमटीएपी लाव, सार्कोमॅटॉइडमध्ये ९पी२१ उडालेलं असण्याचं प्रमाण जास्त आहे. पण ते फुफ्फुसाच्या कार्सिनोमातही उडतं, त्यामुळे कार्सिनोमा की मेसो या वादात नाही, मेसो की नुसता फायब्रस प्लुरायटिस या वादात उपयोगी.

आणि केराटिन निगेटिव्ह लांबट पेशी असतील तर मेसोच्या मागे लागण्याआधी स्टॅट६ लाव, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर असेल तर न्यूक्लियस लगेच ब्राउन. डी२-४० वरही आंधळा विश्वास नको, लसीकावाहिन्यांच्या पेशींत ते मुळातच असतं आणि एपिथेलिऑइड हिमॅन्जिओएन्डोथेलिओमात (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा ट्यूमर) पॉझिटिव्ह येऊन मेसोचं सोंग घेतं, म्हणून सोबत ईआरजी आणि सीडी३१ हे रक्तवाहिन्यांचे स्टेन. शेवटी मात्र सरांना विचार की सीटी बघितला का. प्लुराला वेढून सगळीकडे जाड थर आहे की फुफ्फुसात एक मोठी गाठ आहे, या एका गोष्टीने अर्धा वाद मिटतो, तेही फुकटात.

तिरकस

ठीक आहे, ठीक आहे, क्लिनिकल कोरिलेशनवरचे शब्द अर्धे मागे घेतो. बाकीचे अर्धे बिल बघून ठरवू.

पण एक सांगा, प्रकार कुठला हे एवढं उगाळून फायदा काय? म्हणजे उपचार तोच ना शेवटी?

छातीठोक

तोच नाही. आधी बराचसा तोच होता, २००३-०४ पासून पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी सगळ्यांना. नंतर चेकमेट ७४३ नावाची ट्रायल आली, त्यात निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या दोन इम्युनोथेरपी एकत्र दिल्या. एकूण पेशंटचं सरासरी आयुष्य १४ महिन्यांवरून १८ वर गेलं, पण खरी गंमत सार्कोमॅटॉइड आणि मिश्र प्रकारात, तिथे केमोवर ९ महिन्यांच्या आत आणि इम्युनोथेरपीवर १८. एपिथेलिऑइडमध्ये फरक त्यामानाने थोडा. म्हणून आता रिपोर्टवर प्रकार लिहिलेला नसेल तर आम्ही परत फोन करतो. औषधाचा खर्च हा वेगळाच विषय, त्याला वेगळा धागा लागेल. ऑपरेशनचा विचार करतानाही प्रकार बघतातच.

जुना भिंगवाला

निवृत्त प्राध्यापक, तुमच्या सगळ्यांच्या आधीच्या पिढीचा. आमच्यावेळी या बाटल्याच नव्हत्या. आम्ही काय करायचो तर म्युसिनचे (पेशीतल्या चिकट स्रावाचे) स्टेन, पीएएस करायचं, मग डायास्टेज टाकून परत पीएएस, तरीही थेंब गुलाबी राहिले तर ॲडिनोकार्सिनोमा. अल्शियन ब्लू करायचं, मग हायल्युरोनिडेज टाकून रंग जातो का बघायचं, गेला तर मेसोथेलिओमाकडे बोट. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता ते पेशीवरचे केस बघायचे, मेसोथेलिओमात ते मायक्रोव्हिलाय लांबलचक आणि बारीक, ॲडिनोकार्सिनोमात आखूड. अजूनही एखाद्या हटवादी केसमध्ये ते उपयोगी पडतं.

आणि मेसोथेलिओमा असा काही आजार खरंच आहे का यावरच पूर्वी वाद असायचा हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. कितीतरी नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट म्हणत हे सगळे दुसरीकडून आलेले कार्सिनोमा. १९६० मध्ये वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्थ वेस्टर्न केपच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातून ३३ केसेस छापल्या, त्यात नुसते खाणकामगार नव्हते, खाणीजवळ लहानपण गेलेली माणसंही होती. तेव्हापासून वाद हळूहळू थंडावला. डब्ल्यूएचओने तर २०२१ च्या वर्गीकरणात नावातलं मॅलिग्नंटच काढून टाकलं, कारण मेसोथेलिओमा म्हटलं की ते आलंच. आणि मेसोथेलिओमा इन सिटू नावाचा नवा कप्पाही केला, जिथे पेशी अजून कुठेच घुसलेल्या नाहीत पण बीएपी१ किंवा एमटीएपी गेलंय. आमच्या काळात असं बोलणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

निवृत्त फिटर

सगळं नाय कळलं पण वाचलं शेवटपर्यंत. आम्ही बॉयलरच्या पाइपावर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचो, जुनी काढताना हातानेच ओरबाडायची, पावडर उडायची पिठासारखी. तोंडाला फडकं बांधलं तर साहेब हसायचा. घरी आलो की बायको तेच कपडे झटकून धुवायची. आता आम्हा सगळ्यांनी हे कॅल काय ते करून घ्यायला पायजे का? खोकला वगैरे काय नाय मला.

स्लाइडवाली

काका, नाही. हे स्टेन फक्त तुकड्यावर किंवा पाण्यावर होतात, रक्तावर नाही. आणि काही त्रास नसताना तुकडा काढायचं कारणच नाही. रक्तातलं मेसोथेलिन मोजायची टेस्ट आहे पण धडधाकट माणसांत आजार आधीच पकडण्याइतकी ती भरवशाची नाही, कुणी पॅकेज म्हणून विकायला आलं तर घेऊ नका. तुम्ही करायचं ते एवढंच, प्रत्येक डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय, कुठली वर्षं आणि काय काम, ते एका कागदावर लिहून फाइलीत ठेवा. दम लागला, एका बाजूला दुखायला लागलं तर एक्स-रे लांबवू नका. विडी-सिगरेट असेल तर सोडा, मेसोथेलिओमाशी तिचा संबंध नाही पण ॲस्बेस्टॉस आणि सिगरेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. आणि काकूंनाही हेच सगळं लागू, कपड्यांवरची धूळही मोजायची असते.

छातीठोक

फिटर काकांच्या प्रतिसादाला जोडून. १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा रिटायर झाल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायच्या. किती जणांनी ठेवल्या हा प्रश्न पेशंटच्या नातेवाइकांना विचारा. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस बाहेरून येतोच आहे, सिमेंटच्या पत्र्यांसाठी. म्हणजे ताईंच्या टेबलावरच्या केसेस इतक्यात संपत नाहीत. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर पक्कं हिस्टोलॉजीचं निदान हाच मोठा कागद असतो, शक्यता आहे असं लिहिलेल्या रिपोर्टवर समोरचा वकील नाचतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काकांची थोरॅकोस्कोपी झाली. प्लुरावर दाणे दाणे होते म्हणाले, बरेच तुकडे घेतलेत. इथला रिपोर्ट आला, एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा, चरबीत शिरलेला, क्लॉडिन-४ निगेटिव्ह, एमटीएपी लॉस. बीएपी१ परत रिटेन्डच. म्हणजे ताई म्हणाल्या तसंच, त्या एका रिटेन्डवर सुटलो म्हणणारी पार्टी आता गप्प आहे. काकूंना सांगितलं. काका स्वतः आमच्याहून शांत आहेत, विचारतात की माझ्याबरोबरच्या बाकीच्यांना कुणी कळवलं का.

आता परळला टाटात दाखवायचं ठरलंय, तिथे आधीच्या स्लाइड आणि ब्लॉक आणायला सांगितलेत. लॅबवाला म्हणतो ब्लॉक देत नाही, फक्त स्लाइड देतो. काय करायचं?

स्लाइडवाली

वाईट वाटलं वाचून. काकांना नमस्कार सांगा.

ब्लॉक मागायचाच. लेखी अर्ज द्या, पुढच्या हॉस्पिटलची चिठ्ठी जोडा, बहुतेक लॅब सही घेऊन देतात. अगदीच अडून बसले तर चार्ज्ड काचेवर न रंगवलेले दहा-पंधरा काप तरी घ्या, म्हणजे तिथे पुढचे स्टेन करता येतील. रंगवलेल्या सगळ्या स्लाइडी, एच अँड ई आणि आयएचसी दोन्ही, शिवाय पाण्याच्या सेल ब्लॉकचाही ब्लॉक. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर आणि ब्लॉकवर खरवडलेला नंबर एकच आहे का तिथेच काउंटरवर उभं राहून जुळवून बघा. काकांचा कामाचा इतिहास एका पानावर लिहून सोबत जोडा, सीटीची सीडीपण. आणि नाशिक-मुंबई गाडीने जाणार असाल तर ब्लॉक डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेणच आहे ते. हातातल्या पिशवीत ठेवा.

मंदार लीड्सकर

स्लाइडी प्लास्टिकच्या मेलरमध्ये मागा, कागदात गुंडाळून देतात त्या फुटतात. @गोदाकाठ, काही अडलं तर व्यक्तिगत निरोप कर.